हात लावून पाहायचं कार्ड

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्यालाच कळेल. बाहेर ४४, कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आणि मी डायनिंग टेबलवर वाकून एका कार्डावर सोनेरी पावडर टाकून राहिली होती. एम्बॉसिंग पावडर म्हणतात तिला, गरम केली की वितळते आणि ठसा हाताला लागेल असा वर उठतो. मैद्यापेक्षा जाडसर, रव्यापेक्षा बारीक, आणि इतकी हलकी की बाजूनं कोणी ओढणी सावरत गेलं तरी उडते, मग पंख्याची तर गोष्टच नको. घरच्यांनी बेडरूममध्ये कूलर लावून दार ओढून घेतलं होतं आणि दर दहा मिनिटांनी आतून आवाज यायचा, झालं का? नाही झालं. पंधरा चंद्र काढायचे होते, त्यातले नऊ झाले होते.

हे कार्ड आत्यासाठी होतं. आत्या वर्ध्याला राहते, इथून ७५-८० किलोमीटर. शाळेत चित्रकला आणि शिवण शिकवायची, रिटायर होऊन आता वीस-बावीस वर्षं झाली. माझ्या लहानपणी दर वाढदिवसाला तिचं कार्ड पोस्टानं यायचं आणि ते दुकानातलं कधीच नसायचं. कार्डशीट दुमडून केलेलं, आत तिचं गोल गोल अक्षर, आणि बाहेर भेंडीच्या ठशांची फुलं. तुम्ही म्हणाल भेंडीचे ठसे तर शाळेत सगळ्यांनीच केलेत, पण तिच्यासारखं फूल मी आजपर्यंत कोणाचं पाहिलं नाही. भेंडी देठाच्या बाजूनं आडवी कापायची, तिची चिकट तार सुटते ती फडक्यावर टिपून घ्यायची, मग अर्धा तास तशीच ठेवायची म्हणजे कापलेली बाजू जरा सुकते, आणि मग पोस्टर कलर स्पंजवर घेऊन त्याच्यावर भेंडी टेकवायची, बाटलीत बुडवायची नाही. बुडवली की मधल्या बियांच्या जागा रंगानं भरून जातात आणि फुलाच्या ऐवजी गोळा उमटतो. कॅमलचे पोस्टर कलर असायचे तिचे. त्या रंगांच्या बाटल्या पाहिल्या की अजूनही मला तिचं घर आठवतं. दांडेकरांनी १९३१ साली घोडा छाप शाईची पूड काढून जो धंदा सुरू केला तीच ही कंपनी, हेही तिनंच मला सांगितलं होतं, रंग कालवता कालवता.

ठसा मारायचा नसतो, टेकवायचा असतो, असं ती म्हणायची. टेकव, सगळीकडून सारखा दाब दे, हलवू नको, सरळ वर उचल. मी आता बँकेत आहे आणि तिथं दिवसभर शिक्के मारते, तिथं मारायचेच असतात, समोर लाईन असते. घरी आली की हात बदलावा लागतो. शनिवारी सुट्टी असली तरच कार्डाला बसते, कामावरून आल्या आल्या बसली की पहिले दोन ठसे हमखास हललेले येतात.

सहाएक वर्षांपूर्वी आत्याच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध मॅक्युला नावाचा एक लहानसा भाग असतो, वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं त्याच्या भरवशावर चालतं, आणि वयानुसार काही लोकांचा तोच भाग खराब होत जातो. कडेचं दिसतं, मधलं जातं. म्हणजे दारातून कोणीतरी आलं हे कळतं पण चेहऱ्याच्या जागी धुकं. चित्रकलेच्या बाईला हे व्हावं याचा मला किती राग आला होता, कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. ती स्वतः फारसं बोलली नाही. मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायची सवय तिनं आपली आपणच लावून घेतली.

त्याच वर्षी मी कार्डं करणं सुरू केलं होतं. ऑनलाईन सगळं भेटतं आता, पारदर्शक पॉलिमरचे स्टॅम्प, ते चिकटवायला ॲक्रिलिकचा ठोकळा, वीस-वीस रंगांची छोटी छोटी इंक पॅडं, डिझाईनच्या कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे. तिच्या वाढदिवसाला मी माझ्या हिशोबानं फार सुंदर कार्ड केलं, बारीक गुलाबी फुलांचा कागद, त्याच्यावर फिक्या गुलाबी शाईत एक नाजूक वेल. चार दिवसांनी फोन आला.

"कार्ड भेटलं गं. छानच असेल."

"असेल काय आत्या?"

"मला गुळगुळीत लागून राहिलं ना बाई सगळं."

मग थोडी थांबली आणि म्हणाली, "हा एक चौकोन मात्र वर उचललेला लागते. हे काय केलं तू इथं?"

फोम टेप होती ती. जाड स्पंजासारखी डबल टेप, नाव लिहिलेला कागदाचा तुकडा वर उठून दिसावा म्हणून मी त्याच्याखाली लावली होती. पूर्ण कार्डात ती एकच गोष्ट तिच्यापर्यंत पोचली. त्या रात्री मी माझ्या सामानाचा डबा काढून बसली आणि डोळे मिटून एकेक कागद हातात घेतला. बारीक फुलांचे, ठिपक्यांचे, चौकटींचे, तीस-पस्तीस कागद असतील, आणि हाताला सगळे एकच. मी पैसे देऊन तीस-पस्तीस वेळा एकच कागद घेतला होता.

तिथून माझं कार्ड करणं बदललं. आधी शाई समजून घ्यावी लागली. शाई मुख्य दोन जातीची. डाय इंकमध्ये रंग विरघळलेला असतो, तो कागदात मुरतो, चटकन वाळतो, उजेडात ठेवलं तर कालांतरानं फिका पडतो आणि कागदावर वर म्हणून काहीच उरत नाही. पिगमेंट इंकमध्ये रंगाचे बारीक कण असतात, ते कागदाच्या वर बसून राहतात आणि वाळायला वेळ घेतात. एम्बॉसिंगला हा ओला वेळच पाहिजे असतो. पिगमेंट शाईनं किंवा त्यासाठीच भेटणाऱ्या बिनरंगाच्या चिकट शाईनं ठसा टेकवायचा, ओला आहे तोवर त्याच्यावर पावडर टाकायची, कागद उभा धरून टिचकी मारायची म्हणजे ओल्या रेघांवरची पावडर राहते आणि बाकीची खाली पडते, खालची परत बाटलीत. मग हीट गन. हेअर ड्रायर चालत नाही, त्याची हवा जास्त आणि गर्मी कमी, पावडर वितळायच्या आधी उडून जाते, हे मी करून पाहिलं आहे.

आणि वितळताना पाहणं, ते मला शंभर वेळा पाहूनही पुरत नाही. पावडर आधी मातकट, निर्जीव दिसते, पितळेच्या भांड्यावर धूळ बसावी तशी. गन जवळ आणली की पाच-सात सेकंद काहीच होत नाही, आणि मग एका कोपऱ्यातून चमक सुटते आणि रेघेवरून पुढं पुढं सरकत जाते, तव्यावर तूप विरघळत जावं तशी. चमक जिथंपर्यंत गेली तिथंपर्यंत रेघ वर आलेली असते. तिथल्या तिथं गन पुढं न्यायची. एकाच जागी धरून ठेवली तर वितळलेली पावडर कागदात मुरून जाते, रंग राहतो पण उंची जाते. पूर्ण गार झाल्यावर त्याच रेघेवर पुन्हा चिकट शाई, पुन्हा पावडर, पुन्हा गन, असा दुसरा थर मी आत्याच्या कार्डाला देतेच, एका थराचा उठाव ऐंशीच्या बोटांना पुरत नाही. चित्रकलेच्या बाईची बोटं असली तरी आयुष्यभर चुलीजवळ आणि शिवणाच्या सुईवर गेलेली आहेत ती.

इथल्या हवेशी मात्र भांडावं लागतं. उन्हाळ्यात इंक पॅड सुकतात. पिगमेंटचे पॅड मी उलटे ठेवते म्हणजे शाई वरच्या अंगाला येऊन राहते, आणि ऑफिसचा जुना जांभळा पॅड कडक झाला तर ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकून रात्रभर ठेवलं की मऊ होतो. हिटरसारखी गरम हवा असली की ठसा उमटवल्यावर पावडर टाकायला अर्धं मिनिटही थांबता येत नाही. म्हणून कूलरमध्ये बसावं म्हटलं तर कूलरची हवा ओली, कार्डशीट ती ओल पिते आणि पापडासारखी वाकते, आणि पावडर उडते ती वेगळीच. माझे सगळे कागद पापडाच्याच स्टीलच्या डब्यात असतात, झाकण घट्ट. जुलै-ऑगस्टमध्ये उलटा त्रास. पावसाळी हवेत कागदच दमट असतो, नको तिथं पावडर चिकटून बसते आणि सोनेरी वेलीभोवती सोनेरी पुरळ उठतं. त्यावर उपाय म्हणजे मलमलच्या तुकड्यात टाल्कम पावडरची पुरचुंडी बांधायची आणि ठसा टेकवायच्या आधी कागदावरून एकदा हलकेच फिरवायची. तरीही दोन-चार कण राहिले तर बारीक कोरड्या ब्रशनं झटकायचे, पण वितळवायच्या आधी. नंतर काही करता येत नाही.

कागदाचं आत्याला पहिल्यापासून वेड. वर्ध्यात मगनवाडी आहे ना, १९३४ साली गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला त्याचं काम तिथून चालायचं, तेलघाणी, हातकागद असे कितीतरी उद्योग. १९३८ मध्ये तिथं मगन संग्रहालय सुरू झालं, ते आजही आहे. हातकागदावर आत्याचा जीव तेव्हापासूनचा, शाळेच्या पोरांना घेऊन जायची तेव्हापासून. एकदा मला म्हणाली होती की मशीनच्या कागदाला एकच अंग असते, हातकागदाला चारही. नंतर मला कळलं की हे अगदी शब्दशः खरं आहे. मशीनवर कागद होताना लगद्याचे धागे बरेचसे एका दिशेनं पडतात, त्या दिशेनं घडी घातली तर सरळ बसते आणि आडवी घातली की जाड कार्डशीट घडीवर तडकते. हातकागदात सुती चिंध्यांचा लगदा चाळणीवर उचलतात, धागे कसेही पडतात, त्यामुळे घडी कशीही घाला. कार्डशीटचं अंग ओळखायचं असेल तर ती दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहायची, जिकडून मुकाट्यानं वाकते ते तिचं अंग. मग स्टीलची पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलनं एक रेघ दाबून ओढायची आणि त्या रेघेवर घडी घालून चमच्याच्या पाठीनं घोटायची.

तर आत्याला हातकागदाचंच कार्ड पाहिजे. आणि हातकागदावर ठसा नीट उमटत नाही! त्याला उंचसखल असते, ठसा उंचावर टेकतो आणि खोलगटात टेकतच नाही, वेल जागोजागी तुटते. वरून शाई चिंध्यांत पसरते, रेघेच्या कडांना केस फुटल्यासारखे दिसतात. जुन्या काळी आपल्याकडे कागदाला खळ लावून दगडानं घोटून गुळगुळीत करायचे ते याचसाठी, बोरूची शाई पसरू नये म्हणून. मी दोन-तीन महिने हातकागदावर ठसे उमटवून उमटवून थकली, आणि शेवटी सरळ मार्ग काढला. ठसा आणि एम्बॉसिंग गुळगुळीत २५०-३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, कार्डशीटच्या तुकड्यावर करायचं, आणि तो तुकडा हातकागदाच्या कार्डावर चिकटवायचा. फेव्हिकॉलनं नाही, त्यातल्या पाण्यानं कागद सुरकुततो, डबल टेपनं. आत्याचं यावर मत असं की आता कार्डाला अंगण आलं आणि घर आलं. हात आधी अंगणात फिरतो, खरखरीत, मग पायरी लागते, मग आत चकचकीत.

डिझाईनचे कागद मी टाकून नाही दिले. तिच्या नजरेच्या कडेला रंग पोचतो, फक्त तो मोठा पाहिजे. बारीक फुलं म्हणजे धुकं. रुंद पट्टे चालतात, काळ्यावर पिवळं, गडद निळ्यावर पांढरं. आणि हाताला लागणारे कागद मला शेवटी घरातच सापडले, लग्नपत्रिकांमध्ये. नागपुरात लग्नाच्या सीझनमध्ये एका घरात किती पत्रिका येतात ते काही सांगायला नको, आणि त्यांच्यावर काय काय नसतं, वेलवेट, उठावाची सोनेरी नक्षी, जाळीदार कापलेल्या कडा. गणपती मी कापत नाही, तो बाजूला काढून ठेवते, बाकी सगळं वापरते. चुलतभावाच्या लग्नपत्रिकेची वेलवेटची कड आत्यानं हात लावताच ओळखली होती, "हे तर आपल्याच घरच्या लग्नाचं आहे," म्हणाली. मला तर आठवतही नव्हतं ती कोणाची पत्रिका होती.

एक हिवाळा मी संत्र्याच्या मागे घालवला. नागपूरचं कार्ड म्हटल्यावर संत्र्याचा ठसा पाहिजे, आडवं कापलं की आतल्या फोडींचं चाकासारखं काय सुंदर चित्र असतं. पण आपलं संत्रं ठशाला उभं राहत नाही. त्याची साल सुटी, फोडी सुट्या, हीच तर त्याची ख्याती, कापून टेकवलं की फोडी हातात वेगळ्या होतात आणि रस कागदभर. शेवटी मोसंबी कापली, पाच-सहा तास पंख्याखाली सुकवली, टिपकागदावर दाबली, आणि नारंगी रंग लावून तिचाच ठसा घेतला. आत्याला मी खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, चालते, वास संत्र्याचाच येऊन राहिला. टेबलवर तेव्हा संत्र्याची टोपली होती आणि कार्ड तिथंच वाळत पडलं होतं दिवसभर.

आता अक्षरांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. भेटणारे स्टॅम्प सगळे इंग्रजी, हॅपी बर्थडे, थँक्यू, थिंकिंग ऑफ यू. आत्याला इंग्रजीत शुभेच्छा कशा द्यायच्या? म्हणून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेली, ऑफिसचे शिक्के करून देणाऱ्यांकडे. दुकानदारानं विचारलं कोणत्या ऑफिसचा, मी म्हटलं ऑफिस नाही, कार्डासाठी. त्यानं आधी शाई भरलेले आपोआप उमटणारे शिक्के दाखवले, पण त्यात आतली शाई ठरलेली असते, एम्बॉसिंगची चिकट शाई लावता येत नाही. मला साधा हँडलवाला पाहिजे होता. "हँडलवाला आता कोनी घेत नाही मॅडम," म्हणाला, पण करून दिला. कसा करतात तेही दाखवलं, कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवून फिल्मवर निगेटिव्ह काढायची, त्याच्यावर पातळ पॉलिमर ओतायचं, अल्ट्राव्हायोलेट उजेड द्यायचा, अक्षरांच्या जागी उजेड पोचतो तिथलं पॉलिमर कडक होते आणि बाकीचं धुऊन निघते. दुसऱ्या दिवशी "शुभेच्छा" हातात. मी घरी येऊन तो रबरी तुकडा हँडलवरून सोडवला आणि ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर लावला, म्हणजे कुठं टेकून राहिलो ते वरून दिसतं.

दोन थर देऊन, चकचकीत "शुभेच्छा" घेऊन मी स्वतःच वर्ध्याला गेली. आत्यानं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवून म्हणाली, "वरून एक लांब रेघ लागते. तिला खाली काहीतरी लोंबून राहिलं आहे. काय लिहिलं तू?"

शिरोरेघ. आपली अक्षरं डोळ्यांना ज्या रेघेमुळं एकत्र बांधलेली दिसतात तीच रेघ बोटाला वाट सोडू देत नाही. बोट रेघेला लागलं की रेघेवरूनच घसरत जातं, अक्षर खालीच राहून जातं. आणि "च्छा" तर बोटाला नुसता गुंता. मी विचारात पडली तर आत्याच म्हणाली, "मंग रेघ काढून टाक ना. आम्ही फळ्यावर घाईत लिहायचो तेव्हा कुठं रेघा मारत बसायचो."

ब्रेलचं मी आधी विचारलं होतं तिला. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं, सहा ठिपक्यांचीच पद्धत, मराठीही त्यात लिहिता येतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की ज्या पोरांना लहानपणापासून लागते त्यांच्यासाठी ते फार मोठं काम आहे, पण माझ्या बोटाला आता साठ-सत्तर वर्षं हेच अक्षर ओळखीचं आहे बाई, मी आंधळी नाही झाली, मला फक्त मोठं आणि सुटं करून दे. मग मी मोठं आणि सुटं करून दिलं. बर्डीवर परत गेली, दोन सेंटीमीटर उंच अक्षरं, प्रत्येक अक्षर वेगळं, शिरोरेघ नाही, जोडाक्षर नाही. दुकानदार कॉम्प्युटरकडे पाहून म्हणाला, मॅडम रेघ राहून गेली. मी म्हटलं नाही, तशीच पाहिजे. शब्दही निवडून घ्यावे लागले, रेघ काढल्यावर भ आणि म, घ आणि ध यांच्यात फार थोडं अंतर उरतं. "आनंद" निवडला. आ चा काना सरळ लागतो, न ची गाठ लागते, द ची शेपटी लागते, आणि वर एकटा ठिपका. तो अनुस्वार तिला इतका आवडला की वाचून झाल्यावरही बोट तिथंच ठेवून बसली होती.

या वर्षी तिचं सहस्रचंद्रदर्शन. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत २९.५३ दिवस, हजार पौर्णिमांचे झाले २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि साधारण १० महिने. हजार चंद्र काही कार्डावर मावत नाहीत, मी एक पंधरवडा करायचा ठरवला, प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत, लांबट कार्डावर ओळीनं पंधरा. खोडरबर कोरून एकच पूर्ण चंद्र केला, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा लहान. चंद्राच्या कोरी काढायला कागदाचं मास्क, चिकट चिठ्ठीचा गोल कापून तो कार्डावर चंद्राच्या जागेवर असा लावायचा की जितका चंद्र पाहिजे तितकाच उघडा राहील, आणि मग पूर्ण चंद्राचा ठसा वरून टेकवायचा. मास्क उचललं की कोर.

पहिल्या प्रयत्नात मी तोच गोल सरकवत सरकवत नेला, बीज, तीज, चौथ, आणि दहाव्या चंद्रापर्यंत आल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ते ग्रहण दिसून राहिलं होतं! चंद्राला एका बाजूनं चावा घेतल्यासारखं. गच्चीवर जाऊन दोन-तीन रात्री चंद्र पाहिला तेव्हा उमगलं. अष्टमी जवळ येते तशी आतली कड सपाट होत जाते, म्हणून मास्कचा गोल दर तिथीला मोठा मोठा घ्यायचा, अष्टमीला तर सरळ पट्टीच लावायची, आणि अष्टमीनंतर कड बाहेरच्या बाजूला फुगते, तेव्हा मास्कच कोरीच्या आकाराचं पाहिजे. सुरुवातीला ज्या कोरी कापल्या त्याच्याच उलट्या शेवटी कामी येतात. पन्नास वर्षं वर पाहून राहिलो आपण आणि हे कधी नीट पाहिलंच नव्हतं मी.

आणि मग ती मे ची दुपार. दर चंद्राला मास्क, ठसा, पावडर, टिचकी, ब्रश, गन, गार होऊ द्यायचं, पुन्हा शाई, पुन्हा पावडर, पुन्हा गन. घाम कार्डावर पडू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधली होती. अकरावा, बारावा. आतून आवाज, झालं का? आता किती? मी म्हटलं आलीच, तीन राहिले. संपलं तेव्हा पाच वाजले होते, पंधराच्या पंधरा सोन्यासारखे चमकत होते, मी कार्ड खिडकीशी नेऊन तिरकं धरून पाहिलं आणि मला फार समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू.

वर्ध्याला घर माणसांनी भरलेलं. आत्याला दिव्यांनी ओवाळलं, नातवंडांनी फोटो काढले, जेवणं झाली. चार वाजता सगळे पांगल्यावर ती पलंगावर टेकून बसली आणि म्हणाली, दे आता तुझं. मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं मान तिरकी केली, मग ते सोडून दिलं आणि डोळेच मिटले. उजव्या हाताचं पहिलं बोट हातकागदावरून सरकत पायरीवर चढलं आणि डाव्या टोकाला थांबलं.

"ही केसासारखी. प्रतिपदा काय?"

"हो."

"दिसत नसते ती. तरी ठेवली तू." बोट पुढं. "बीज. तीज. चौथ." प्रत्येक चंद्राच्या आतल्या कडेवरून बोट वरून खाली जात होतं. अष्टमीवर थांबली, दोनदा फिरवलं, "सरळ आहे. बरोबर." माझ्या घशाशी काहीतरी आलं. "नवमी, दशमी, एकादशी, बारस..."

बोट पुढं गेलं, थांबलं, मागं आलं, परत पुढं गेलं.

"तेरस कुठं गेली गं?"

"आहे ना आत्या. चमकून राहिली तिथंच."

"नाही बाप्पा." तिनं न पाहता माझा हात शोधला, माझं बोट धरून कार्डावर टेकवलं. "पाह्य तूच."

मी डोळे मिटले. बारस लागली, गोल, जाड, शेवटच्या एका बारीक चिरेसकट. मग नुसता कागद, गुळगुळीत. मग चवदस.